राहिलेला डोस, गोवराची साथ आणि बर्फातली लस

बाळाच्या लसीकरणाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. उत्तरं राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाला धरून आहेत, म्हणजे अंगणवाडी, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळणाऱ्या लसींबद्दल. खासगी दवाखान्यात जिथे पद्धत वेगळी असते तिथे तसं सांगितलं आहे. बहुतेक पत्रांत एकच धास्ती दिसली: डोस चुकला, आता आधीचे वाया गेले का? म्हणून सुरुवात त्याच प्रश्नाने.

प्रश्न: दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातो. मुलगा तीन महिन्यांचा आहे. दीड महिन्याचा असताना एकदा इंजेक्शनं झाली. पुढच्या वेळी त्याला सर्दी होती म्हणून नेलं नाही. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल का? आणि तिकडे कोपीवर असताना लस कोण देणार? (माजलगाव तालुका, जि. बीड)

पहिल्यापासून काहीही सुरू करायचं नाही. पहिल्या डोसाने शरीराला जी ओळख करून दिली ती पुसली जात नाही. उशीर झाल्यामुळे बाळ तेवढे दिवस अपुऱ्या संरक्षणावर राहिलं, नुकसान तेवढंच. जिथे थांबलात तिथून पुढे चला. पाळायचा नियम एकच: एकाच लसीच्या दोन डोसांत किमान ४ आठवडे अंतर हवं. जास्त झालं तर चालतं, कमी झालेलं चालत नाही. गावी निघायची घाई आहे म्हणून २० दिवसांनीच पुढचा डोस उरकून घेऊ नका. असा डोस नीट काम करत नाही आणि तो मोजलाही जात नाही.

तुमच्या मुलाला निघण्याआधी, शक्य तितक्या लवकर, दुसऱ्या भेटीचं सगळं द्यायचं: पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा दुसरा डोस, पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबाच्या रोटाव्हायरसवरच्या लसीचा दुसरा डोस. त्यानंतर ४ आठवड्यांनी तिसरी भेट. त्या दिवशी पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटा यांचा तिसरा डोस, शिवाय पीसीव्हीचा दुसरा आणि पोलिओच्या इंजेक्शनचा दुसरा. म्हणजे एका दिवशी तीन सुया. आयांना हे बघवत नाही, पण त्या तीन सुयांची तीन वेगवेगळ्या आठवड्यांत विभागणी करून काहीच मिळत नाही. उलट पुढच्या खेपेला येणं राहून जातं, आणि राहतो तो बहुधा पीसीव्ही. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणाविरुद्धची लस तीच आहे.

तिकडे लस मिळते का? मिळते. देशात कुठल्याही सरकारी केंद्रावर, तुमचं गाव कुठलंही असो, आधार कार्ड असो नसो. कारखान्याच्या गावात किंवा जिथे टोळी उतरली आहे त्या गावात अंगणवाडी असते आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी तिथे लसीकरणाचं सत्र असतं. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईंना गाठा आणि बाळाचं नाव त्यांच्या यादीत घालायला लावा. नाव यादीत आलं की सत्राच्या दिवशी त्या स्वतः बोलवायला येतात. मुकादमालाही सांगून ठेवा, कारण टोळीत तुमच्यासारखी आणखी दोन-चार बाळं नक्की असतील.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. ते कोपीत भिजतं, फाटतं, उंदीर खातात. निघण्याआधी त्यातल्या लसीकरणाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. सिस्टरना यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करायला सांगा. तुमच्या मोबाइल नंबरवरून ती नोंद दुसऱ्या जिल्ह्यातल्या सिस्टरना बघता येते. आता ९ महिने पूर्ण होण्याची तारीख कार्डावर पेनाने लिहून घ्या. त्या तारखेला तुम्ही बहुधा गावी परतत असाल किंवा वाटेत असाल, आणि गोवराची पहिली लस नेमकी तेव्हाच चुकते.

एक शेवटचं. सर्दी हे लस न देण्याचं कारण नव्हे. यावर पुढचाच प्रश्न आहे.

प्रश्न: बाळाला नेमकं काय झालं असेल तर लस पुढे ढकलायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (सिन्नर)

सर्दी, खोकला, हलका ताप, पातळ शी, अंगावर पुरळ, दात येणं, नुकतंच संपलेलं अँटिबायोटिक, कमी वजन, कमी दिवसांचं बाळ: यांतल्या कशासाठीही लस थांबवत नाहीत. कुपोषित बाळाला तर लसीची गरज जास्त, कारण गोवर किंवा डांग्या खोकला त्यालाच झेपत नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या लसी जन्मतारखेपासून मोजायच्या, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून नाही.

थांबायचं ते एवढ्यासाठी: बाळ खरंच आजारी आहे, जोराचा ताप आहे, दवाखान्यात दाखल करावं लागेल अशी अवस्था आहे. ते बरं झालं की लगेच लस द्या. आणि कायमचं टाळायचं ते याहून दुर्मीळ: आधीच्या डोसानंतर काही मिनिटांत अंगावर गांधी, सूज आणि श्वासाचा त्रास अशी तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर ती लस पुन्हा नाही. डांग्या खोकल्याचा अंश असलेल्या लसीनंतर सात दिवसांत मेंदूचा गंभीर त्रास झाला असेल तर तो अंश पुन्हा नाही. आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास पूर्वी झालेला असेल तर रोटा नाही. आणि ज्याची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा कर्करोगाच्या औषधांनी फार कमी झाली आहे अशा मुलाला क्षयाची बीसीजी आणि गोवर-रुबेलाची एमआर यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

प्रश्न: पेंटाच्या इंजेक्शननंतर मुलीला रात्रभर ताप होता, मांडी सुजली. औषध किती द्यायचं ते कळेना. शिवाय तिच्या दंडावर बीसीजीचा व्रणच उठला नाही. पुन्हा टोचायची का? (चाळीसगाव)

पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, सुई टोचलेल्या जागी लाली, थोडी सूज आणि किरकिर हे नेहमीचं आहे. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ते होतं. पेंटा डाव्या मांडीत आणि पीसीव्ही उजव्या मांडीत देतात. जागा ठरवून दिल्यामुळे कुठली मांडी सुजली त्यावरून लस ओळखता येते. जागा चोळू नका, शेकू नका, त्यावर हळद, चुना, बाम काही लावू नका. थंड पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा. अंगावर दूध पाजत राहा.

तापासाठी पॅरासिटामॉल, वजनाच्या एका किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान ४ ते ६ तास आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ६ किलोच्या बाळाला ६० ते ९० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या आणि त्यावरचा आकडा वाचा, कारण घोटाळा इथेच होतो. ड्रॉप्सच्या बाटलीवर बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं, तर सिरपवर ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम. म्हणजे त्या ६ किलोच्या बाळाला ड्रॉप्स ०.६ ते ०.९ मिलिलिटर आणि सिरप साधारण अडीच ते साडेतीन मिलिलिटर. सिरपच्या सवयीने ड्रॉप्सचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. मोठ्या माणसाच्या एका गोळीत तेवढंच असतं. ड्रॉप्स नेहमी त्यांच्याबरोबर आलेल्या ड्रॉपरनेच मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी वजन बघून सांगितल्याशिवाय देऊ नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना देतच नाहीत.

ताप दोन दिवसांपलीकडे गेला, बाळ तीन तासांहून जास्त सलग रडत राहिलं, झटके आले, एकदम मलूल किंवा फिकट पडलं, किंवा आठवड्याभरात सुईच्या जागी पू धरला तर लगेच दाखवा आणि सिस्टरना कळवा. त्याची नोंद होते आणि तपासही होतो. गंभीर अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांत साधारण एकदा घडते, आणि ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच कळते. म्हणून लस दिल्यावर ३० मिनिटं तिथेच बसवून ठेवतात. सिस्टरकडच्या पेटीत त्यासाठी अ‍ॅड्रेनालिन असतं. रिक्षा थांबली आहे म्हणून निघून जाऊ नका.

एमआरच्या लसीचा ताप मात्र वेगळ्या वेळी येतो. लस दिल्यापासून साधारण सहाव्या ते बाराव्या दिवशी, कधी बारीक पुरळासह, आणि आपोआप जातो. लोकांना तोवर लस विसरायला झालेली असते, म्हणून घाबरायला होतं.

बीसीजी डाव्या दंडात कातडीच्या आत देतात. दोन ते चार आठवड्यांनी तिथे बारीक फोड येतो, फुटतो, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत व्रण उरतो. फोड फुटला म्हणजे पिकलं असं समजून मलम लावू नका, आपोआप भरतं. काही मुलांत व्रण उठतच नाही. लस दिल्याची नोंद असेल तर पुन्हा टोचत नाहीत. लस मुळात दिलीच गेली नसेल तर ती एक वर्षाच्या आत देता येते. डाव्या काखेत गाठ आली, मोठी होत गेली किंवा तिच्यात पू झाला तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: माझ्या पुतणीला नवव्या महिन्यात गोवराची लस दिली होती, तरी तिसऱ्या वर्षी तिला गोवर झाला. मग लसीचा उपयोग काय? आमच्या लहानपणी घरातल्या सगळ्या पोरांना गोवर यायचा आणि जायचा. शेजारी म्हणतात, बाकी सगळ्यांना लस दिलेली असली की आपल्याला नाही दिली तरी चालतं. (नांदेड)

यात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर.

आईकडून पोटात असतानाच बाळाला गोवराविरुद्धची थोडी प्रतिकारशक्ती मिळते आणि ती पहिल्या वर्षात हळूहळू ओसरते. लस फार लवकर दिली तर आईकडून आलेलं हेच संरक्षण लसीतल्या जिवंत विषाणूला निकामी करतं. फार उशिरा दिली तर मधल्या काळात बाळ उघडं पडतं. आपल्याकडे गोवर लहान वयात होतो, म्हणून ९ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस देतात. त्या वयात तो १०० पैकी साधारण ८५ बाळांनाच लागू होतो. उरलेल्या १५ जणांसाठी, आणि ज्यांचा पहिला चुकला त्यांच्यासाठी, १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस आहे. दोन्ही झाले की संरक्षण साधारण ९७ टक्क्यांवर जातं. तुमच्या पुतणीचा दुसरा डोस झाला होता का, ते कार्डावर बघा. दीड वर्षाच्या लसी बहुतांश घरांत मागे पडतात. तोवर मूल चालायला लागलेलं असतं, आईचं दवाखान्यात जाणं थांबलेलं असतं, आणि 'लसी संपल्या' असा सगळ्यांचा समज असतो.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. गोवर हा माहीत असलेल्या सगळ्यांत जास्त पसरणाऱ्या रोगांपैकी आहे. कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रुग्ण १२ ते १८ जणांना तो देतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून, म्हणजे नुसताच ताप-सर्दी दिसत असताना, मूल रोग पसरवत असतं. एकाकडून १५ जणांना जाणारा रोग थांबवायचा तर त्या १५ पैकी निदान १४ जण पक्के सुरक्षित हवेत. म्हणूनच ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झाले पाहिजेत असं सांगतात.

गणित करून बघा. एका गावात वर्षाला १०० बाळं जन्मतात. ९५ जणांना पहिला डोस मिळाला, कामगिरी उत्तम. पण त्यातल्या ८५ टक्क्यांनाच लागू झाला, म्हणजे ८१ सुरक्षित, १९ उघडे. पुढच्या वर्षी आणखी १९. पाच वर्षांत गावात ९५ मुलं अशी जमतात ज्यांना गोवर होऊ शकतो. मग एखाद्या लग्नात, जत्रेत किंवा बालवाडीत एक रुग्ण येतो आणि साथ भडकते. गावाला वाटतं, लस देऊनही साथ आली. त्याच ९५ बाळांना दुसराही डोस मिळाला असता तर दरवर्षी उघडी मुलं ८ राहिली असती, पाच वर्षांत ४०. आणि ती गावभर विखुरलेली असतील तर रोगाला एकाकडून दुसऱ्याकडे जायला वाट सापडत नाही. तेच ४० एकाच वस्तीत राहत असतील, कारण त्या वस्तीत सत्रच होत नाही किंवा लसीविरुद्ध काही अफवा आहे, तर जिल्ह्याची टक्केवारी चांगली असूनही तिथे साथ येते. टक्केवारी जिल्ह्याची असते, साथ गल्लीत येते.

शेजारी ज्या संरक्षणाच्या भरवशावर आहेत ते मुळात दुसऱ्यांसाठी राखलेलं आहे: नऊ महिन्यांच्या आतली बाळं, कर्करोगावर उपचार चाललेली मुलं, गर्भवती स्त्रिया. यांना ही लस एरवी देता येत नाही. त्यांच्याभोवती सुरक्षित माणसं असणं हाच त्यांचा बचाव. लस घेऊ शकणाऱ्या सुदृढ मुलाने त्यात जागा अडवली की ती या तिघांपैकी कुणाची तरी जाते.

'यायचा आणि जायचा' याबद्दल. जी मुलं त्यातून उठली त्यांनाच ते आठवतं. गोवरानंतर न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, 'अ' जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलाच्या डोळ्यात फूल पडून दृष्टी जाते, आणि साधारण हजारात एका रुग्णाला मेंदूला सूज येते. शिवाय गोवर आधीच्या आजारांतून आणि लसींतून कमावलेली प्रतिकारशक्तीही बरीचशी पुसून टाकतो, म्हणून बऱ्या झालेल्या मुलाला पुढे कित्येक महिने दुसरे संसर्ग सारखे होत राहतात. त्याच सुईतला रुबेलाचा भाग मुलाइतकाच पुढच्या पिढीसाठी आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयातला दोष घेऊन जन्मू शकतं. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी एमआरची मोहीम झाली ती त्यासाठीच. त्यात मुलगेही होते, कारण घरात रोग आणणारा मुलगाही असू शकतो.

प्रश्न: शेजारच्या चाळीत गोवराचे रुग्ण निघाले आहेत. माझं बाळ सात महिन्यांचं आहे. काय करू? (भिवंडी)

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये साथ आली, तुमच्या भिवंडीत आणि मालेगावातही रुग्ण निघाले. तेव्हा केंद्र सरकारने सांगितलेली पद्धत अशी: साथीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना, आधीचे डोस झालेले असले तरी, एक जादा डोस. आणि जिथे एकूण रुग्णांपैकी १० टक्क्यांहून जास्त रुग्ण ९ महिन्यांच्या आतले असतील तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस. म्हणून आजच तुमच्या आरोग्य केंद्रात जाऊन आपल्या भागात असा डोस सुरू आहे का, ते विचारा. सात महिन्यांना दिलेला हा डोस शून्य मानतात. ९ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा, दोन्ही वेळच्या वेळी द्यावेच लागतात. 'एकदा झाला आहे' म्हणून परत फिरू नका.

बाळ रुग्णाच्या अगदी जवळ, एकाच खोलीत राहून आलं असेल तर वेळेला फार महत्त्व आहे. संपर्कानंतर ७२ तासांत लस मिळाली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. ६ महिन्यांच्या आतलं बाळ किंवा गर्भवती बाई असेल तर लस नाही. त्यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं, आणि ते डॉक्टर ठरवतात.

घरात कुणाला ताप आणि पुरळ दिसलं तर आशाताईंना लगेच कळवा. पुरळ उठल्यापासून चार दिवस त्या मुलाला इतर मुलांपासून वेगळं ठेवा. रक्ताचा नमुना घेतील, नको म्हणू नका, वस्तीत जादा सत्र लावायचं की नाही ते त्यावर ठरतं. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस, २४ तासांच्या अंतराने: ६ महिन्यांच्या आत ५० हजार युनिट, ६ ते ११ महिने १ लाख, त्यापुढे २ लाख. सरकारी सिरपच्या १ मिलिलिटरमध्ये १ लाख युनिट असतात. देवीचा कोप मानून खोलीत कोंडून ठेवणं आणि खाणं बंद करणं हे फार घातक आहे. पाणी, दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा. श्वास जोरात चालू लागला, छाती आत ओढली गेली किंवा मूल पिईना झालं तर १०८ ला फोन करा.

प्रश्न: आमच्याकडे लाईट सारखी जाते. अंगणवाडीत डब्यातून लस आणतात. ती बिघडलेली नाही हे आईवडिलांना कसं कळणार? (अक्कलकुवा)

चांगला प्रश्न, आणि विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

केंद्रावरची लस आईएलआर नावाच्या वरून उघडणाऱ्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. थंड हवा जड असते, वरचं झाकण उघडलं तरी ती आतच राहते. शिवाय त्याच्या भिंतींत बर्फ किंवा थंड पाणी धरलेलं असतं, म्हणून दिवसात आठेक तास लाईट असली तरी तो थंडावा टिकवतो. घरातला उभा फ्रीज असं करू शकत नाही. म्हणून मेडिकलमधून लस विकत आणून घरच्या फ्रीजच्या दारात ठेवणं, किंवा पिशवीत बर्फाला चिकटवून दवाखान्यात नेणं, हे टाळा.

लसीला उष्णता आणि गोठणं, दोन्हींचा धोका असतो. तोंडावाटेची पोलिओची लस उष्णतेने सगळ्यांत आधी बिघडते. उलट पेंटा, कावीळ ब, पीसीव्ही, धनुर्वात-घटसर्पाची टीडी आणि पोलिओचं इंजेक्शन गोठलं की संपलं. बाहेर नेताना म्हणूनच डब्यातले बर्फाचे चार पॅक फ्रीझरमधून काढून थेट लावत नाहीत. ते टेबलावर मांडतात, वर पाण्याचे थेंब सुटले आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच लावतात. घाईत हे राहिलं तर पॅकला टेकलेली पेंटाची कुपी गोठते, आणि नंतर वितळून अगदी नेहमीसारखी दिसते.

कुपीवर एक गोल असतो आणि गोलाच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरता येते. चौकोनाचा रंग गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती टाकून द्यायची. दाखवा म्हणा, दाखवतात. पण हा गोल फक्त उष्णता सांगतो, गोठलेलं सांगत नाही. त्याची परीक्षा वेगळी: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतात, संशयित कुपी आणि ती, दोन्ही हलवून शेजारी ठेवतात आणि अर्धा तास बघतात. गोठून गेलेल्या लसीत गुठळ्या झालेल्या असतात, त्या भराभर तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. ही परीक्षा केंद्रावर करायची असते, अंगणवाडीत नाही.

बीसीजी आणि एमआर भुकटीच्या रूपात येतात आणि तिथेच पाण्यात कालवतात. ते पाणी त्याच लसीबरोबर आलेलं हवं. कालवल्याची वेळ कुपीवर लिहितात आणि चार तासांनी उरलेली लस टाकतात. या लसींत जंतुनाशक नसतं. जास्त वेळ ठेवली तर तीत जंतू वाढतात आणि टोचल्यावर काही तासांत बाळाला जोराचा ताप, उलट्या, जुलाब होऊन जिवावर बेततं. त्यामुळे 'किती वाजता कालवली?' हे विचारायला अजिबात संकोचू नका. दुसरीकडे, एका बाळासाठी कुपी उघडायला हरकत नसते. 'आणखी मुलं आली की बोलावतो' असं सांगून परत पाठवलं तर थांबून आग्रह धरा. चार डोस वाया गेले तरी ते एका बाळाचा गोवर निस्तरण्यापेक्षा स्वस्त आहे. सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली हवी. ती एकदा वापरली की तिचा दट्ट्या अडकतो, पुन्हा भरता येत नाही.

प्रश्न: खासगी दवाखान्यात 'न दुखणारी' लस देतात. ती जास्त चांगली का? (ठाणे)

तिच्याने ताप आणि सूज कमी येते, हे खरं. डांग्या खोकल्याचा अख्खा मेलेला जंतू न घेता त्याचे निवडक भाग तीत घेतलेले असतात. पण ती देत असलेलं संरक्षण लवकर ओसरतं. ज्या देशांनी फक्त तीच वापरली तिथे मोठ्या मुलांत डांग्या खोकला पुन्हा दिसू लागला. सरकारी लस स्वस्त म्हणून कमी दर्जाची, हा समज सोडून द्या.

दोन्हीकडे थोडं-थोडं घेत असाल तर दोन्ही कार्डं एकाच पिशवीत ठेवा. खासगीत सहा रोगांची एकत्र लस झाली असेल तर तीत पोलिओचं इंजेक्शन आलेलं असतं, वेगळं लागत नाही. तिथे नवव्या महिन्यात दिलेली एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) ही एमआर म्हणून धरतात. रोटाच्या काही खासगी लसींचे दोनच डोस असतात, सरकारी लसीचे तीन. दोन्ही मिसळल्या तर एकूण तीन पूर्ण करा.

प्रश्न: देशात पोलिओ नाही, तरी थेंब का पाजतात? (पणजी)

भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त ठरला. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो विषाणू अजून फिरतो आहे. बाधा झालेल्या साधारण २०० जणांत एकालाच लुळेपणा येतो, म्हणजे पहिला रुग्ण दिसेपर्यंत विषाणू बराच पसरलेला असतो. इंजेक्शनने रक्तात संरक्षण येतं आणि मुलाचे पाय वाचतात. थेंबांनी आतड्यात संरक्षण येतं आणि विषाणूचा प्रसार अडतो. म्हणून दोन्ही. बाळाने थेंब लगेच थुंकले तर पुन्हा पाजायला सांगा. आधी-नंतर अंगावर पाजलं तरी चालतं. पल्स पोलिओ रविवारचे थेंब जादा असतात, ते घेतले म्हणून नेहमीचा डोस सुटत नाही.

प्रश्न: गंजका खिळा लागला की २४ तासांत टीटी घ्यायलाच हवं का? दर सहा महिन्यांनी घेतो. (इचलकरंजी)

दर सहा महिन्यांनी घ्यायची गरज नाही. धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, ते माती आणि शेणात असतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोहोचत नाही तिथे ते वाढतात. म्हणून पहिलं काम जखम साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुणं. लहानपणचे सगळे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या डोसाला १० वर्षं, आणि मातीने भरलेल्या किंवा खोल जखमेसाठी ५ वर्षं उलटून गेली असतील तरच इंजेक्शन लागतं. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. डोस कधीच पूर्ण झाले नसतील किंवा आठवत नसतील आणि जखम घाण असेल तर टीडीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, २५० युनिट, वेगळ्या जागी द्यावं लागतं. अशा वेळी २४ तास उलटले म्हणून घरी बसू नका, उशिरा का होईना जा. पुढे टीडीचे उरलेले डोस पूर्ण करा: ४ आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर ६ ते १२ महिन्यांनी तिसरा.

वर गोवराबद्दल जे सांगितलं ते इथे लागू होत नाही. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. सगळ्या गावाने लस घेतली तरी न घेतलेल्या एकाला त्याचा काही आडोसा नाही. मोठ्या मुलांसाठी १० आणि १६ वर्षांना टीडी आहे, शाळेत देतात, त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर केंद्रात न्या. गर्भवतीला दिवस राहिल्याचं कळताच पहिला आणि ४ आठवड्यांनी दुसरा. मागच्या गरोदरपणात दोन्ही झाले असतील आणि त्याला तीन वर्षं झाली नसतील तर एकच पुरतो. ३६ आठवडे उलटून गेले, किंवा कधीच लस न घेतलेली बाई कळा सुरू झाल्यावर आली, तरीही तो दिला जातो.